पेन्शन लागेपर्यंत अकरा महिने: नागपुरातल्या एका घराची केस

आधीच सांगते, नावं नाहीत, वस्तीचं नावही नाही, आणि ओळख पटू नये म्हणून एक-दोन तपशील बदललेत. बाकी आकडे आमच्या वहीतले आहेत. आमची संस्था वगैरे काही नाही, पूर्व नागपुरात राहणारे, अडचणीतल्या घराला पैसे जमवून मदत करणारे आठ-दहा लोक आहोत, मी दिवसा एका सीएच्या ऑफिसात टॅलीत हिशेब लिहिते आणि म्हणून वही माझ्याकडे आली, एवढंच. हे लिहायचं कारण म्हणजे अशा केसमध्ये काम करणारे बरेच जण विचारतात की तुम्ही काय केलं, आणि दर वेळी फोनवर सांगताना अर्धं राहून जातं, विशेषतः जिथे चुकलो ते.

पार्श्वभूमी

माणूस सेंटरिंगचा, म्हणजे स्लॅबचा साचा उभा करणारा मिस्त्री, वय ४१. गाव भंडारा जिल्ह्यात, पण चौदा वर्षांपासून नागपुरात किरायाच्या खोलीत, वर टीन. घरी बायको, नववीतली मुलगी, पाचवीतला मुलगा. वहिनी तीन घरी पोळ्या-भांडी करायच्या.

नोव्हेंबर २०२४ मध्ये तिसऱ्या मजल्याच्या स्लॅबचं काम चालू असताना बल्ली (साच्याखालचा टेकू) सरकली आणि मिस्त्री खाली आले. उजवा पाय पिचला, मग इन्फेक्शन झालं, डिसेंबरमध्ये गुडघ्याखालून कापावा लागला. महिन्याच्या शेवटी घरी आले. वहिनींना घरी थांबावं लागायचं म्हणून एक घर सुटलं, दोन राहिले.

आम्ही त्यांच्या घरी पहिल्यांदा गेलो ते जानेवारी २०२५ च्या दुसऱ्या आठवड्यात. खोलीत शिरल्यावर पहिले काय दिसलं तर खाटेखाली एका ओळीत तेलाच्या पिशव्या, दहा लिटर तेल, मागे दहा किलो तूर डाळ, पाच कंपन्यांची पाच हळदीची पाकिटं. पंचवीस दिवसात पाच किट आले होते, कोणी गणेश मंडळाचं, कोणी विहारातल्या पोरांचं, एक निवडणूक लढवू इच्छिणाऱ्या दादांचं, त्यांच्या किटवर त्यांचा फोटो. वहिनी चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, "ताई, आता तेल का प्याचं हाये का? किराया कोन देईन?"

त्या वाक्यात सगळी केस आली होती, पण मला ते कळायला मे उजाडला.

अडचण नेमकी काय

लोक म्हणतात की सरकारी मदत मिळत नाही. तसं नाहीये, मिळते, पण एकामागे एक कागद लागतात आणि मागचा आल्याशिवाय पुढचा निघत नाही. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांना पैसे मिळतात, तेव्हा महिन्याला १५०० होते. त्यासाठी किमान ४० टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र पाहिजे. प्रमाणपत्र हवं तर स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा अर्ज, मग डॉक्टरांच्या बोर्डासमोर तपासणी. सोबत उत्पन्नाचा दाखला, दिव्यांगांसाठी कुटुंबाची मर्यादा वर्षाला ५० हजार. महाराष्ट्रात पंधरा वर्षं राहिल्याचा पुरावा. मग अर्ज, मग समितीची बैठक, मग मंजुरी, मग आधार जोडलेल्या खात्यात पैसे.

यात कोणत्याच टप्प्याला कोणी तारीख देत नाही. मदत करणाऱ्याला ही सगळ्यात अवघड गोष्ट जाते, कारण "तीन महिने मदत करा" असं सांगितलं तर लोक करतात, "कधीपर्यंत माहीत नाही पण करत राहा" असं म्हटलं की लोकांचे फोन लागत नाहीत.

आणि घराचा हिशेब असा. किराया ३५००, लाइट ५००, ड्रेसिंग-औषधं आणि दवाखान्यात जायचा ऑटो मिळून १८००, भाजी-दूध-किराणा-गॅस ३५००, पोरांचं ७००. म्हणजे दहा हजार. येणारे पैसे किती, तर वहिनींच्या दोन घरांचे ३५०० आणि लाडकी बहीणचे १५००. पाच हजार कमी. बाइकचा हप्ता २४०० मी यात धरलाच नाही, त्याबद्दल एक वेगळं भांडण झालं, मिस्त्री दोन महिने बाइक विकायला तयार नव्हते, शेवटी मार्चमध्ये त्यांच्या साळ्यानेच ती घेतली आणि हप्ताही घेतला.

आधी आलेल्या मदतीचं काय झालं हेही सांगते. ठेकेदाराने २५ हजार दिले होते, ते दवाखान्यातच गेले. मंडळाने १८ हजार गोळा केले, ते नातेवाईकांकडून घेतलेले उसने फेडण्यात गेले. म्हणजे जानेवारी संपता संपता घरात तेल होतं आणि पैसे शून्य.

कोणते पर्याय होते

पहिला, गावी पाठवायचं. मिस्त्रींचे भाऊ तिथे आहेत, राहायला जागा आहे, किराया वाचतो. पण मुलगी नववीत, वहिनींची कामं इथे, आणि भावाभावात पटत नाही. मिस्त्री एकदाच म्हणाले, "गावाले गेलो त परत नाही येत मी." तिथे विषय संपला.

दुसरा, कोणीतरी एकरकमी कर्ज द्यायचं आणि पेन्शनचे मागचे पैसे एकदम आले की परत घ्यायचे. ग्रुपमधल्या दोघांना हे फार आवडलं होतं. यात गृहीत असं होतं की अर्ज केल्यापासूनचे पैसे मिळतील. या केसमध्ये मंजुरीच्या आधीचे काहीच मिळाले नाहीत. तसं कर्ज दिलं असतं तर १५०० च्या पेन्शनीतून ते कर्ज फेडत बसले असते, नशीब आम्ही नाही केलं, पण शहाणपणाने नाही, कोणाकडे तेवढे पैसे नव्हते म्हणून.

तिसरा, दर महिन्याला ठराविक रक्कम. हा आम्ही घेतला.

चौथा पर्याय ठेकेदार घेऊन आला, त्याच्यावर पुढे सविस्तर लिहिते कारण त्याचं मला अजून खटकतं.

बांधकाम कामगार मंडळाची त्यांची नोंदणी होती, पण नूतनीकरण केलं नव्हतं, आणि कायमच्या अपंगत्वाची जी मोठी मदत आहे ती ७५ टक्क्यांपासून, यांचं नंतर ६० निघालं. सोडून दिलं.

पहिला निर्णय: कॅश की सामान, आणि कोणाच्या हातात

अकरा घरांनी महिन्याला ३०० ते ५०० कबूल केले, ४६०० जमायचे. आता द्यायचे कसे यावर ग्रुपमध्ये दोन दिवस भांडण. एक काका म्हणाले कॅश देऊ नका, खर्ऱ्यात, म्हणजे तंबाखू-सुपारीत जाईल. मिस्त्री खर्रा खातात हे खरं आहे. पण नागपुरात खर्रा न खाणारा सेंटरिंगवाला शोधून दाखवा, आणि काका स्वतः दुपारी पानठेल्यावर असतात ते वेगळंच. तरी काकांचा मान ठेवून आम्ही ठरवलं की किरायाचे ३५०० घरमालकाला थेट द्यायचे आणि उरलेले वहिनींना. वहिनींचा फोन साधा, म्हणून मुलीच्या फोनवर टाकायचे.

तीन आठवड्यांनी मिस्त्रींनी आमच्याशी बोलणं बंद केलं. गेलं की भिंतीकडे तोंड करून झोपायचे. आम्हाला वाटलं पायाचं दुःख आहे, डिप्रेशन आहे, एकाने तर काउन्सेलरचा नंबर पण आणला. मग एका रविवारी मी किरायाची पावती वहिनींच्या हातात देत होते तर ते उठून बसले आणि म्हणाले, "माह्या घरचा हिशेब पोरीच्या फोनात, मालकाचा किराया तुमच्या हातून, मी का मेलो का?"

मला उत्तर सुचलं नाही. चौदा वर्षं हा माणूस स्लॅबचं माप तोंडी काढायचा, किती प्लेटा, किती बल्ल्या, किती माणसं, सगळं सिमेंटच्या पिशवीच्या कागदावर पेन्सिलीने. आम्ही त्याच्या घरचा हिशेब चौदा वर्षाच्या पोरीकडे दिला होता आणि त्याला विचारलंही नव्हतं.

त्या दिवसापासून बदललं. पैसे मिस्त्रींच्या खात्यात, किराया ते देणार, गल्लीतल्या किराणावाल्याकडे २००० पर्यंतचं खातं तेही तेच बघणार, आणि वही त्यांच्याकडे. मी फक्त रविवारी त्या पानाचा फोटो काढून ग्रुपवर टाकायची. वहीत खर्रा पण लिहिलेला असायचा, रोजचा एक. काकांनी त्यावर एकदाही कॉमेंट केली नाही.

फोटोवरून आठवलं. मंडळाच्या कार्यक्रमातला फोटो, मिस्त्री खुर्चीवर आणि बाजूला चेक धरलेले पाच जण, तो फिरत फिरत मुलीच्या वर्गाच्या ग्रुपवर गेला होता. ती आठवडाभर शाळेत गेली नाही. आमचा फोटोचा नियम तेव्हापासून एकच, वहीच्या पानाशिवाय कशाचा फोटो नाही.

दुसरा निर्णय: ठेकेदाराचा कागद

जानेवारीच्या शेवटी ठेकेदार आला. आणखी १५ हजार देतो म्हणाला, फक्त या स्टॅम्प पेपरवर सही करा. त्यावर लिहिलं होतं की मला सगळी भरपाई मिळाली, माझी काही तक्रार नाही, अपघात माझ्या चुकीने झाला.

घरात पैसे शून्य आणि समोर १५ हजार. मिस्त्रींनी मला फोन केला. मी आमच्यातल्या एका वकील ओळखीच्याला विचारलं, तो म्हणाला अजिबात करू नका, तेव्हा लागू असलेल्या १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याखाली कामावर अपघात झाला तर मालकाकडून भरपाईचा हक्क आहे, दावा करायला अपघातापासून दोन वर्षं मिळतात, पाय गेला तर रक्कम १५ हजारापेक्षा कितीतरी जास्त बसते. मी ते मिस्त्रींना सांगितलं आणि त्यांनी सही केली नाही.

सल्ला बरोबर होता, आजही तोच देईन. पण त्या रात्री आम्ही एका रिकाम्या घरातून १५ हजार रुपये परत पाठवले आणि त्याच्या बदल्यात त्यांना काय दिलं, तर एक कायद्याचं नाव. पुढचे तीन महिने आमचे ४६०० हेच काय ते होतं. सही करू नका म्हणणाऱ्याने त्याच दमात हेही सांगायला पाहिजे की मग पुढच्या महिन्याचं मी बघतो, आणि ते लिहून द्यायला पाहिजे. आम्ही तोंडी बोललो होतो, आणि तोंडी बोललेल्याचं काय होतं ते पुढे येतंच.

वकिलाचं म्हणाल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून दिव्यांग व्यक्तीला फुकट वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट आड येत नाही. हे आम्हाला ऑगस्टमध्ये कळलं. फेब्रुवारीत कळलं असतं तर नोटीस सहा महिने आधी गेली असती.

तिसरा निर्णय: भंडारा की नागपूर

ही चूक सगळ्यात महाग पडली. फेब्रुवारीत यूडीआयडीचा अर्ज भरला, ऑनलाइन, माझ्याच लॅपटॉपवरून, खूप अभिमानाने. आधारवर पत्ता गावचा होता. अर्ज भंडाऱ्याच्या दवाखान्याकडे गेला.

आता दोन रस्ते होते. भंडाऱ्याला जाऊन तिथेच बोर्ड करायचं, तिथल्याच तहसीलमध्ये निराधारचा अर्ज करायचा, तलाठी ओळखीचा आहे, रहिवासाचा प्रश्नच नाही. किंवा आधी आधारचा पत्ता नागपूरचा करायचा आणि मग सगळं इथून. भंडारा साठ किलोमीटर, कुबड्या नवीन, जखम ओली, दर चकरेला गाडी करावी लागणार. शिवाय गावी वडिलांच्या नावची दोन एकर धानाची जमीन, सातबारावर सगळ्या भावांची नावं, ते उत्पन्नात कसं धरतील याची भीती. आम्ही नागपूर निवडलं.

पत्ता बदलायला भाडेकरार पाहिजे. घरमालक करार द्यायला तयार नाही, त्याला घरपट्टीची भीती. मग आधारचा तो ठराविक नमुना असतो ना, ज्याच्यावर नगरसेवक किंवा आमदार वगैरे सही-शिक्का देतात, तो काढला. आणि तेव्हा लक्षात आलं की नागपूर महापालिकेत २०२२ च्या मार्चपासून नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. किटवर फोटो छापणारे दादा होते, शिक्का असणारं कोणी नव्हतं. शेवटी आमदारांच्या ऑफिसातून सही मिळाली, तिथे तीन चकरा. आधार अपडेट होऊन आलं एप्रिलमध्ये. परत अर्ज, मेमध्ये बोर्डाची तारीख. रांगेत सकाळी सातला लागलो, बाहेर पारा ४४ च्या वर, मिस्त्रींच्या पायाला पट्टीखाली घामोळं आलेलं, आणि खिडकीवरच्या माणसाने जुना एक्स-रे मागितला जो घरी होता. तो आणायला मुलगा ऑटोने गेला. तरी त्याच दिवशी झालं, ६० टक्के, आणि जूनमध्ये यूडीआयडीचं पिवळं कार्ड निघालं.

अडीच महिने पत्त्यात गेले. आज विचार करते तर वाटतं की गावचा पत्ता तसाच ठेवून प्रमाणपत्र भंडाऱ्यात काढून घ्यायला पाहिजे होतं, दोन चकरांचे गाडीभाडे तीन-साडेतीन हजार झाले असते, प्रमाणपत्र तर देशभर चालतं, आणि पत्ता बदलायचं काम बाजूने चालू ठेवलं असतं. आम्ही एक संपल्यावर दुसरं केलं. पण मिस्त्री म्हणतात की त्या हालतीत गाडीत बसून भंडारा त्यांना झेपलं नसतं, आणि पाय त्यांचा आहे, माझा नाही.

रेशनच्या बाबतीत मात्र गावचा पत्ता आडवा आला नाही. वन नेशन वन रेशन कार्डमुळे गावच्या कार्डावर नागपुरातल्या दुकानातून धान्य उचलता येतं, अंगठा लागला पाहिजे बस. प्राधान्य कुटुंबात माणशी पाच किलो, तेही जानेवारी २०२३ पासून फुकट. कार्ड भावासोबतचं होतं म्हणून भावाला आधी फोन करून सांगितलं की आम्ही आमचे चौघांचेच उचलतो, नाहीतर तिथे नवीन भांडण. हे फेब्रुवारीत झालं आणि महिन्याला वीस किलो तांदूळ-गहू यायला लागले. किराण्याचं बिल तिथे खरं कमी झालं, पाच किटांनी झालं नाही तेवढं.

चौथा निर्णय: तिसरं घर

मार्चमध्ये वहिनींना एका घरून बोलावणं आलं, दोन हजार महिना, जवळच, संध्याकाळी एक तास. मिस्त्री तेव्हा कुबड्यांवर संडासपर्यंत जायला लागले होते, म्हणजे जाता आलं असतं.

पण उत्पन्नाची मर्यादा ५० हजार. वर्षाला पन्नास म्हणजे महिन्याला चार हजार एकशे सहासष्ट. वहिनींचे ३५०० म्हणजे ४२ हजार, आत बसतात. तिसरं घर घेतलं की ६६ हजार, बाहेर. दाखले काढायच्या सेतू केंद्राबाहेर बसणाऱ्या एकाने सांगितलं, घ्या हो काम, सगळेच कमी लिहितात. वहिनींना ते पटलं नाही, तलाठी चौकशीला येईल आणि शेजारची सांगेल याची भीती जास्त होती की खोटं बोलायचं नव्हतं ते मी विचारलं नाही. त्यांनी काम घेतलं नाही.

दाखला आला जुलैत. मिस्त्रींची आधीची कमाई धरली तर मर्यादेबाहेर गेलो असतो, म्हणून डिस्चार्ज कार्ड जोडून लिहून दिलं की नोव्हेंबरपासून त्यांची कमाई बंद आहे आणि आजचं उत्पन्न वहिनींचंच. तलाठी घरी आले, पाय बघितला, शेजारी विचारलं, मान्य केलं. तोपर्यंत त्या घरी दुसरी बाई लागली होती. चार महिन्यांचे आठ हजार गेले. १५०० ची पेन्शन मिळावी म्हणून दर महिन्याला २००० सोडले, असा हा हिशेब आहे, मी टॅलीत कुठल्या हेडखाली टाकू सांगा. आमची चूक ही की हे आठ हजार आम्ही तुटीत मोजलेच नाहीत. ज्या घराला आपण नियमात बसायला सांगतो त्याला नियमात बसायचा खर्च पण येतो, तो पहिल्या दिवशीच आकड्यात धरायला पाहिजे होता.

मे-जूनमध्ये काय झालं

एप्रिलपर्यंत ४६०० येत होते. मे मध्ये अकरा घरांची सात झाली, २९०० आले. कोणी वाईट नाही, एकाच्या घरी लग्न, एक मुलाकडे पुण्याला गेले, दोघांनी फोन उचलला नाही. आणि नेमका मे, टीनखालची खोली, कुलर चोवीस तास, लाइट बिल ५०० चं १३०० आलं. जूनच्या शेवटी आमच्याकडे विदर्भात शाळा उघडतात, मुलगी दहावीत गेली, पुस्तकं, वह्या, मुलाचा ड्रेस. किराणावाल्याचं खातं दोन हजाराचं साडेचार हजारावर गेलं आणि त्याने मुलाला एकदा रिकाम्या हाताने परत पाठवलं.

तेव्हा मला ती खाटेखालची तेलाची ओळ आठवली. जानेवारीपर्यंत या घराला पाच किट आणि ४३ हजार रुपये आले होते, आमचे सोडून. जूनमध्ये आमच्या २९०० शिवाय एक रुपया नाही. पाय गेला ती बातमी होती, सहाव्या महिन्याची कोणी बातमी करत नाही. आणि आम्ही दुसऱ्या आठवड्यातच पोचलो होतो, तेव्हाच मंडळाच्या आणि विहाराच्या पोरांना हात जोडून सांगता आलं असतं की बाबा आता नको, तुम्ही जूनचं घ्या. कोणी नाही म्हटलं नसतं. आम्हाला सुचलंच नाही, आम्ही पण तेव्हा आपले पैसे गोळा करण्यातच होतो.

जूनमध्ये पद्धत बदलली. दर महिन्याला सगळ्यांनी थोडं थोडं हे बंद, एका कागदावर जुलै ते डिसेंबर लिहिलं आणि प्रत्येकाला विचारलं की तुम्ही कोणता एक महिना घेता, एकटे किंवा दोघं मिळून. विहाराच्या पोरांनी शाळेचं सगळं घेतलं आणि जुलैही घेतला. सकाळी फिरायला जाणाऱ्या रिटायर लोकांनी ऑगस्ट. मंडळाने सप्टेंबर, कारण २७ ऑगस्टला गणपती बसणार होते आणि वर्गणी तेव्हा असते. फोन न उचलणाऱ्या दोघांपैकी एकाने ऑक्टोबर घेतला, त्याला दर महिन्याचं ओझं नको होतं फक्त. महिन्याला चार हजार पक्के झाले, आणि कागदावर नाव असल्याने मला कोणाला आठवण द्यावी लागली नाही, एकदा मंडळाला सोडून.

निकाल

निराधारचा अर्ज जुलैत गेला, सप्टेंबरमध्ये मंजूर झाला. मध्ये शासनाने दिव्यांगांची रक्कम १५०० वरून २५०० केली, ऑक्टोबर २०२५ पासून, हे आमच्या हिशेबात कुठेच नव्हतं, आयतंच मिळालं.

आणि तरी ऑक्टोबरमध्ये पैसे आले नाहीत. ऑफिसात विचारलं तर म्हणे जमा झाले. मिस्त्रींच्या खात्यात नाहीत. चार दिवस डोकं फोडल्यावर कळलं की आधार लिंक असणं आणि डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात यायला, आधार सीडिंग असणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पैसे त्या बँकेत जातात जी शेवटी सीड झाली, आणि मिस्त्रींचं सीडिंग होतं आठ वर्षांपूर्वी एका कंपनीच्या साइटवर उघडून दिलेल्या खात्याशी, ज्याचं पासबुक पण नव्हतं. त्या बँकेत जाऊन केवायसी केलं, सीडिंग बदललं, आणि नोव्हेंबरमध्ये पैसे पहिल्यांदा हातात आले. आम्ही गेलो त्या दिवसापासून धरून अकरावा महिना. आमच्या हातून एकूण साधारण ४० हजार गेले.

आता मला सगळ्यात जास्त बोचणारी गोष्ट. ऑगस्टमध्ये त्यांचं जनधनचं पासबुक भरून आणलं आणि झेरॉक्स काढताना नजर गेली, मे २०२४ मध्ये वीस रुपये कटलेले. प्रधानमंत्री सुरक्षा विमा. वर्षाला वीस रुपये, जून ते मे कव्हर, अपघातात एक पाय गेला तर एक लाख. अपघात नोव्हेंबरचा, म्हणजे पूर्ण आत. ते पासबुक जानेवारीत त्याच खोलीत होतं, टीव्हीवर, देवाच्या फोटोमागे. क्लेम लवकर कळवायचा असतो, आम्ही नऊ महिने उशिरा. पोलिसात तक्रार नव्हती कारण ठेकेदाराने तेव्हा समजावून परत पाठवलं होतं, पण दवाखान्यात एमएलसी, म्हणजे पोलीस केसची नोंद झालेली होती, तो नंबर कामी आला, उशीर का झाला त्याचं पत्र जोडून फॉर्म दिला. अजून पेंडिंग आहे. ठेकेदाराविरुद्धचा दावा पण चालू आहे, विधी सेवाच्या वकिलांनी नोटीस दिल्यापासून तो स्वतःहून फोन करतो, रक्कम बोलत नाही.

मिस्त्री आता नकली पायाच्या मापासाठी जातात. ओळखीच्या एका मिस्त्रीच्या कामावर आठवड्यातून दोन दिवस बसून माप आणि हिशेब बघतात, २५० रोज. किराणावाल्याचं खातं १८०० वर आलंय. डिसेंबर ज्यांनी घेतला होता त्यांनी विचारलं द्यायचा का, मी म्हटलं मिस्त्रींनाच विचारा, ते म्हणाले अर्धा द्या.

मागच्या आठवड्यात नवीन फोन आला, बावन्न वर्षांचे एक गृहस्थ, लकवा, उजवी बाजू. पोचलो तर किट एकच आलं होतं. मी बाहेरच्या बाहेर मंडळाच्या अध्यक्षांना फोन करून म्हटलं की दादा, तुम्ही यांचा एप्रिल घ्या, आत्ता काही आणू नका. मग आत जाऊन पहिले पासबुक मागितलं. वीस रुपये कटलेले होते. पण लकवा म्हणजे अपघात नाही, तिथे त्या वीस रुपयांचा काही उपयोग नाही. आधारचा पत्ता नागपूरचा आहे, ते एक बरं आहे.